घाबरलेल्या माशांचा उन्हाळा

एप्रिलात प्रॅक्टिकलच्या परीक्षा सुरू झाल्या की आमच्या कॉलेजची झूऑलॉजीची लॅब भट्टीसारखी तापते. गच्चीच्या अगदी खाली आहे ती. पंखे फिरतात, पण गरम हवाच इकडून तिकडे करतात. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत चुरचुरतो आणि मुलांच्या जर्नलवर घामाचे ठसे उमटतात. परवा अशाच एका दुपारी, बाहेरचे परीक्षक यायच्या आधी, एक मुलगी खिडकीपाशी ठेवलेल्या काचेच्या टाकीवर पेनाने टकटक करत होती. टाकीत वीतभर लांबीचा एक रोहू होता.

"काच वाजवू नकोस," मी म्हटलं.

"मॅडम, हलतच नाही तो. जिवंत आहे का बघत होते."

"जिवंत आहे."

"पण काहीच करत नाहीये."

"पुष्कळ करतोय. तुला दिसत नाहीये एवढंच."

तिला ते फारसं पटलं नाही. ती तोंडी परीक्षेची उत्तरं घोकायला निघून गेली. मी मात्र टाकीपाशी थांबले. रोहूचे कल्ले भराभर उघडत मिटत होते. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि मला वसईजवळच्या गिरीज गावातल्या आमच्या वाडीतला बारा-तेरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवत होता. त्या उन्हाळ्यात मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि घाबरलेला मासा नेमकं काय करतो हे मी पहिल्यांदा पाहिलं होतं.

आमच्या वाडीत बावखल आहे. वसईच्या बाहेरच्या माणसाला ते तळं वाटेल, आणि तसं ते आहेच. पूर्वजांनी वाडीला पाणी मिळावं म्हणून खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या या बावखलांमुळे. चैत्रात त्याचं पाणी खाली जायचं आणि काठाची काळी माती उघडी पडून तिला भेगा जायच्या. त्या मातीचा वास, कुजलेल्या केळीच्या सोपटांचा वास आणि पहाटे तोडलेल्या मोगऱ्याचा वास असे तीन वास एकात एक मिसळून घरात यायचे. दुपारी माडांच्या सावल्या पाण्यावर पडल्या की त्या सावल्यांत मासे येऊन थांबत. पाण्याकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. त्यावर बसून मी अभ्यास केला, रुसले, कच्च्या कैऱ्या खाल्ल्या. पोहायलाही तिथंच शिकले. शिकवलं काकाने. माझ्या पोटाखाली हात धरून तो म्हणायचा, "पाण्याशी भांडू नकोस, ते तुला धरतं."

बावखल तिघांचं होतं: बाबा, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा काका, आणि त्या दोघांची थोरली बहीण, माझी आत्या. वाटण्या कागदापेक्षा काठावरच्या माडांवरून ओळखायच्या. या माडापासून त्या माडापर्यंत काकाचं, तिथून पुढे आमचं आणि आत्याचं. आत्याने लग्न केलं नव्हतं. वाडी तीच बघायची. बाबा बँकेत नोकरीला होते आणि घरात त्यांचा आवाज फारसा ऐकू यायचा नाही.

प्रोजेक्टचा विषय मला आमच्या मोठ्या मॅडमनी दिला. त्या माझ्या गाईड होत्या. बोलायला कोरड्या, पण समजावून सांगायला लागल्या की समोरच्याला घरातली गोष्ट ऐकतोय असं वाटायचं.

"गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात मीठ आहे, बाहेरच्या पाण्यात जवळपास नाही," त्यांनी सांगितलं. "म्हणजे पाणी सारखं आत घुसणार आणि मीठ सारखं बाहेर झिरपणार. हा मासा जन्मभर दोन कामं करत असतो. आत आलेलं पाणी लघवीवाटे बाहेर टाकायचं, आणि गेलेलं मीठ कल्ल्यांतून वेचून परत घ्यायचं."

"आणि घाबरला की?"

"घाबरला की पळायला प्राणवायू हवा. रक्त कल्ल्यांकडे धावतं, कल्ले मोकळे होतात. त्यातून मीठ आणखी जातं. ते भरून काढायला तो बाहेरून मीठ जोरात ओढू लागतो. आता पाण्यात तांबं असेल, तर ते पुष्कळदा मिठाच्याच दाराने आत शिरतं. असं व्हावं हा आपला अंदाज आहे. तो खरा की खोटा ते तू बघायचंस."

मासे आणून दिले गजाननभाऊंनी. ते खाडीकाठच्या गावचे. शेती करायचे आणि जोडीला मत्स्यबीज केंद्रातून रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून गावोगावच्या तळ्यांत पोचवायचे. टेम्पोत पाण्याचे ड्रम हिंदकळत होते, आणि उतरवण्याआधी त्यांनी प्रत्येकात मूठभर खडेमीठ टाकलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"केंद्रावरच्या साहेबांनी सांगितलंय. प्रवासात मासा घाबरतो, त्याचं मीठ जातं. पानी थोडं खारं केलं की कमी मरतात." मग हसून म्हणाले, "आपन नाही का, उन्हात चक्कर आली की लिंबू-मीठ घेत?"

ती बोटुकली वाढवून मी प्रयोगाला लागले. वाडीतल्या पंपाच्या खोलीशेजारी सावलीत टब मांडले. सगळ्यांत पाणी तेच, आणि तांब्यासाठी घातलेलं मोरचूदही तितकंच, अगदी किंचित. फरक एवढाच की अर्ध्या टबांना मी हात लावायचा नाही, आणि अर्ध्या टबांतल्या माशांना रोज जाळीने पळवायचं, कोपऱ्यात कोंडायचं, क्षणभर हवेत धरायचं आणि परत सोडायचं. बोलायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मासे माझ्या हातावर तडफडले तेव्हा मी ते वेळेआधीच सोडून दिले. काही दिवसांनी माझी सावली टबावर पडली की ते आधीच भिंतीला चिकटायचे. जाळी हातात नसली तरी. मला ते आवडत नव्हतं, आणि अजूनही ते आठवलं की आवडत नाही. पण डोळे मिटून घेण्यापेक्षा मोजून बघणं मला बरं वाटलं.

कॉलेजात फ्लेम फोटोमीटर नावाचं एक जुनं यंत्र होतं. माशाच्या रक्ताचा अगदी पातळ केलेला थेंब त्याच्या ज्योतीत गेला की ज्योत पिवळी व्हायची. मिठातल्या सोडियमचा तो रंग. शांत टबांतल्या माशांचं रक्त ज्योतीत गेलं की ती उजळ पिवळी व्हायची. पळवलेल्या माशांच्या वेळी यंत्राचा काटा कमी दाखवायचा. डोळ्यांना तो फरक कळेल न कळेल इतकाच होता, पण पुन्हा पुन्हा तोच यायचा. कल्ल्यांतलं तांबं मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. ते नमुने मॅडम मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवायच्या. उत्तरं आली ती अंदाजाप्रमाणेच आली. पळवलेल्या माशांच्या कल्ल्यांत तांबं जास्त होतं. पाणी एकच, तांबं एकच. तरी ज्याला धास्तावून सोडलं, त्याच्या अंगात ते जास्त शिरलं.

त्या उन्हाळ्यात मलाही सगळे एकच वाक्य ऐकवत होते. परीक्षा तोंडावर, घरात लग्नाचा विषय, त्यात वाडीचं जे सुरू झालं होतं ते. शेजारीण म्हणायची, टेन्शन घेऊ नकोस. मावशी फोनवर म्हणायची, टेन्शन घेऊ नकोस. डॉक्टरांनीही गोळ्या लिहून देता देता तेच सांगितलं. टबापाशी उभी राहून मी त्या वाक्याचा विचार करायचे आणि मला चीड यायची. जाळी हातात धरून मी समोर उभी होते. माशाने टेन्शन घेतलं नव्हतं, ते मी त्याला दिलं होतं. आपल्या भाषेत ते 'घ्यायचं' कुणी ठरवलं? ज्याने दिलं तो वाक्यातून अलगद निसटतो आणि घेणाऱ्याचाच स्वभाव नाजूक ठरतो. तेव्हापासून हे वाक्य मी कुणाला ऐकवत नाही. कुणी मला ऐकवलं तर विचारते, देतंय कोण ते आधी बघू या का?

वाडीचं सुरू झालं होतं ते असं. काकाचा मुलगा नितीन याला वाडीत सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी कॉटेज बांधायची होती. कळंबच्या किनाऱ्याकडे अशी बरीच झाली होती आणि त्यांचं चांगलं चाललं होतं. जागा हवी म्हणून बावखल बुजवायचं. काका दुष्ट नव्हता. वाडीत राबायला माणूस मिळत नव्हता, मोगऱ्याचा भाव त्याला पुरत नव्हता, गुडघे गेले होते. पण बावखलाला हात लावायचा तर बाबा आणि आत्या अडून बसणार हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने माशांची तपासणी करून घेतली. अहवालात आलं, माशांत तांबं आहे. झालं. बावखलाचं पाणी विषारी आहे, डास आहेत, रोगराई होईल, ते बुजवणंच सगळ्यांच्या भल्याचं, असं तो ओळखीपाळखीत सांगू लागला.

एका संध्याकाळी तो माझ्याकडे पंपाच्या खोलीपाशी आला.

"तुझा विषय हाच ना गं? मासे आणि तांबं?"

"हो."

"मग सगळे बसतील तेव्हा तू एवढंच सांग, की माशांत तांबं आहे. खोटं बोल असं मी म्हणत नाही. आहे ते सांग."

तो गेल्यावर आत्या आली. तिने लांबून ऐकलं असावं.

"तू सांगायचंस, आमच्या पाण्यात काही नाही," ती म्हणाली. "आपल्या बापजाद्यांचं पाणी आहे. त्यात कुठलं आलंय तांबंबिंबं?"

"आत्या, मी अजून बघितलेलं नाही."

"बघायचंय काय त्यात? तू कुणाच्या बाजूची आहेस?"

मी म्हटलं, आधी बघते. तिला ते उत्तर आवडलं नाही.

बघायचं कसं, हे मॅडमशी बोलून ठरवलं. बावखलात बांबूचा सापळा हलकेच सोडून ठेवला. जाळी ओढली नाही, पाणी ढवळलं नाही. मासे आपापले आत आले, आणि बाहेर काढल्या काढल्या लगेच मारून त्यांचे नमुने बर्फात घातले. पाण्याचा आणि तळच्या गाळाचाही नमुना घेतला. मॅडमनी ते सगळं माझ्या नमुन्यांबरोबरच पाठवलं. उत्तर आलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून एकच गोष्ट सांगितली.

"यातलं अर्धं एकाला आवडेल, अर्धं दुसऱ्याला. तू अर्धं सांगायचं नाहीस."

आमच्या ओटीवर सगळे बसले ती रविवारची सकाळ होती. काका, नितीन, बाबा, आत्या आणि नात्यातले दोन वडीलधारे. आईने चहा ठेवला. काकाने मोठ्या मायेने मला पुढे बोलावलं.

"सांग बाळ. माशांत तांबं आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं.

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी क्षणभर खाली मान घातली. काकाने दोन्ही हात पसरले, म्हणजे आता बोलायचं काही उरलं नाही.

"काका, माझं संपलं नाही," मी म्हटलं. "नितीन, तुम्ही तपासायला मासे धरले ते कसे धरले?"

नितीनला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. त्याने सरळ सांगितलं. "पंप लावून पाणी उपसलं. मग सकाळपासून जाळं ओढत होतो. हाताला लागेचनात. दुपारी मिळाले. ड्रममध्ये टाकले आणि टेम्पोने पाठवले."

"मेले नव्हते?"

"काही मेले. काही धडपडत होते."

"मी धरले ते सापळ्यात आपणहून आले. त्यांच्यात तांबं थोडं आहे, तुमच्या अहवालापेक्षा बरंच कमी. गाळ ढवळून, अर्धा दिवस पळवून, उन्हात कोंडून धरलेल्या माशात ते जास्त येणारच. तुम्ही आधी माशाचे हाल केले आणि मग पाण्यावर ठपका ठेवला."

नात्यातले एक आजोबा हसले. "म्हणजे मासे घाबरले म्हणून विषारी झाले म्हणतेस?"

"हो आजोबा. तसंच म्हणतेय."

आणखी कुणीतरी हसलं. पण मी उठले नाही. मला आठवतंय, मी जमिनीवर हाताचे पंजे टेकून बसले होते, कुणी उचलायला आलं तर धरून राहायला हवं तशी.

"पण थोडं तरी तांबं आलं कुठून?" आता बाबांनी विचारलं. ते बोलले म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या.

ते उत्तर मला सगळ्यात जड होतं. "आपणच घातलंय. पानवेलींवर आपण मोरचूद-चुना फवारतो. फवारणीचा पंप इतकी वर्षं पायऱ्यांवर धुतला जातोय. गाळात तांबं आहे ते पायऱ्यांच्या बाजूलाच जास्त आहे."

पंप धुवायची ती आत्या. माझ्या लहानपणापासून मी तिला तिथं बसून तो धुताना बघितलं होतं.

"म्हणजे मी पाण्यात विष घातलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्याच ओटीवर बसून हे सांगतेस."

"विष नाही म्हटलं मी. थोडं तांबं म्हटलं. पंप दुसरीकडे धुतला तर ते वाढायचं थांबेल. त्यासाठी बावखल पुरायला नको."

आत्या उठून आत गेली. काका माझ्याकडे बघून म्हणाला, "तू कुणाचंच मन ठेवलं नाहीस बघ." ते खरं होतं. त्या दिवशी ओटीवर माझ्या बाजूचं कुणी नव्हतं, आणि तरी मला आतून विलक्षण मोकळं वाटत होतं. लोक म्हणतात, दोन्हीकडचं बोलणारा माणूस भित्रा असतो. ज्याने दोन्हीकडचा रोष एकाच सकाळी अंगावर घेतलाय त्याला विचारा.

त्या बैठकीने काही थांबलं नाही. काकाने आपल्या हिश्श्यात भराव टाकायचं ठरवलं आणि एका सकाळी डंपर वाडीत शिरले. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा होता तो. फरशांचे तुकडे, विटा, गंजलेले गज. पहिला ढीग पाण्यात कोसळला तेव्हा सगळं बावखल हादरलं, आणि मासे पाण्याबाहेर उसळले. चांदीची नाणी उधळावीत तसे दिसले, पण त्यात सुंदर काहीच नव्हतं. ते काय करत होते हे मला आता ठाऊक होतं. त्यांच्या अंगातलं मीठ निसटत होतं, आणि जुन्या गाळातलं ढवळून वर आलेलं तांबं त्यांच्या कल्ल्यांवर येत होतं. दुपारपर्यंत डंपर काकाच्या शेवटच्या माडापाशी आले आणि तिथून पुढे सरकू लागले.

तेव्हा बाबा घरातून बाहेर पडले. कामावर जायचे कपडे अंगात होते. त्या दिवशी ते गेले नव्हते. माडापाशी जाऊन ते उभे राहिले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाबा हलले नाहीत. नितीन पळत आला.

"मोठे काका, बाजूला व्हा. तोल जाईल गाडीचा."

"इथून पुढचं पाणी माझं आहे," बाबा म्हणाले.

"अहो, थोडंच टाकतोय. कडा सरळ व्हायला नको?"

"नाही."

एवढंच. त्यांनी हुज्जत घातली नाही, कायदा सांगितला नाही, मोठा भाऊ असल्याचाही उल्लेख केला नाही. छत्री न घेता उन्हात उभे राहिले. थोड्या वेळाने आत्या एक खुर्ची घेऊन आली. बाबांसाठी आणली असेल असं मला वाटलं, पण ती स्वतःच त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. काका दुरून बघत होता. शेवटी त्यानेच हात हलवून डंपर मागे घ्यायला सांगितलं. भावाच्या आणि बहिणीच्या अंगावर गाडी घालणारा तो माणूस नव्हता. मी त्याला आजही त्याबद्दल मानते.

पुढचे दिवस मी बावखलापाशीच काढले. अभ्यासाची पुस्तकं पायऱ्यांवर, आणि लक्ष पाण्यावर. आम्ही बावखलावरचा पाण्याचा पंप बंद ठेवला, केळीला विहिरीचं पाणी घातलं. कुणाला पाण्यात उतरू दिलं नाही. पाण्याच्या कडेला झावळ्या अंथरून सावली केली. जे मासे कडेला येऊन आडवे व्हायचे त्यांना अलगद टबात घ्यायचं आणि त्यात खडेमीठ टाकायचं. आत्या माझ्याशी बोलत नव्हती, पण मिठाची बरणी तिने न सांगता पायरीवर आणून ठेवली. बरेच मासे मेले. काहींचे नमुने मी मॅडमना दिले आणि बावखलाचा तो भाग प्रोजेक्टच्या शेवटी जोडला; बाकीचे आम्ही केळीच्या बुंध्यांशी पुरले. बरेच जगलेही. एक दिवस मी पाहिलं, आत्या फवारणीचा पंप खांद्यावर घेऊन वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला चालली होती. तिथं खड्डा करून तिने तो धुतला. मी बघितलं हे तिला कळलं.

आज तिथं नितीनची कॉटेज आहेत. त्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'लेक व्ह्यू' असं लिहिलंय. लेक म्हणजे आमचं उरलेलं बावखल. पाहुणे त्याचे फोटो काढतात आणि खोलीची खिडकी त्याच बाजूची मागतात. नितीन चांगला मुलगा आहे. मध्यंतरी मला म्हणाला, "ताई, बरं झालं तेव्हा मोठे काका अडून बसले." मी त्याला म्हटलं, मग पाहुण्यांना सांग, पाण्यात दगड मारायचे नाहीत आणि रात्री काठावर स्पीकर लावायचे नाहीत. त्याने मान डोलावली. दर उन्हाळ्यात मला पुन्हा सांगावं लागतं, आणि दर उन्हाळ्यात मी पुन्हा सांगते. कंटाळा येतो, पण कंटाळा आला म्हणून सोडून द्यायचं नाही एवढं मी ठरवलंय. पापडीकडची, आणखी इकडची तिकडची माणसं कधी कधी घरी येतात. त्यांच्याही बावखलावर कुणाचा तरी डोळा असतो. ती म्हणतात, आमचं पाणी शुद्ध आहे असं लिहून द्या. मी म्हणते, आधी बघू. काही जण तिथूनच परत जातात. जे थांबतात त्यांच्याबरोबर मी जाते. शुद्ध नसलेल्या पाण्यालाही जगायचा हक्क आहे, हे पटवायला मला आता ओटीवरच्या हसण्याची भीती वाटत नाही.

माझी तोंडी परीक्षा त्याच मे महिन्याच्या अखेरीस झाली. परीक्षक बाहेरगावचे होते. वयस्कर, सभ्य, माशांवर आयुष्य काढलेले. त्यांनी प्रोजेक्ट नीट वाचला होता, याचं मला आश्चर्य वाटलं. चष्मा काढून ते म्हणाले,

"काम मन लावून केलंयस. पण बावखलाचा जो भाग तू शेवटी जोडलायस, तो गडबडीचा आहे. तिथं उपसा झाला, जाळी ओढली, भराव पडला. अशा परिस्थितीतल्या माशांवरून निष्कर्ष काढायचे नसतात. आधी मासे शांत होऊ द्यायचे, मग मोजायचं."

"सर, टबातले शांत मासे मोजले आहेत मी. तुलनेला ते आहेतच."

"ते बरोबर. मी तळ्यातल्यांबद्दल बोलतोय. त्रास न झालेलं एखादं तळं घ्यायला हवं होतंस."

मोठ्या मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हे माझं मलाच निभवायचं आहे, असा त्याचा अर्थ होता.

"सर, मी शोधलं," मी म्हटलं. "आमच्याकडे तसं तळं उरलेलं नाही. कुठे भराव आहे, कुठे पंप, कुठे गटार सोडलंय. तुम्ही म्हणता तो त्रास मी बाजूला काढला तर माझ्या हातात पाठ्यपुस्तकातला मासा उरतो. आमच्या गावातला मासा उरत नाही. मला त्याच्याबद्दल सांगायचं होतं."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हे तू प्रोजेक्टमध्ये लिहिलेलं नाहीस."

"आता सांगितलं सर."

त्यांनी पुढचं पान उलटलं आणि वेगळाच प्रश्न विचारला. त्यांना राग आला की पटलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "मार्क कापतील. उत्तर मागे घेऊ नकोस."

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या पायऱ्यांवर पाय पाण्यात न सोडता बसली होती. बैठकीच्या दिवसापासून तिने माझ्याशी कामापुरतंही धड बोलणं केलं नव्हतं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. पलीकडे राडारोड्याचा ढीग होता, आणि अलीकडच्या पाण्यात माडांच्या सावलीत चार-दोन मासे येऊन थांबले होते. त्यांचे कल्ले संथ हलत होते.

"काय विचारलं त्यांनी?" आत्याने मान न वळवता विचारलं.

"माझे मासे चुकीचे आहेत म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, आमच्याकडे असेच आहेत."

आत्याने आता मान वळवली.

"नापास केलं तर?"

"तर परत बसेन."

ती पायरीवर जराशी सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"मग बस," ती म्हणाली.